ओल्या गोणपाटाची बचत

मित्रांनो, पाठ ताठ करून बसा. वाकून बसलेल्यांना मी माझी कहाणी सांगत नाही. मी सडक आहे, काँक्रीटची आहे आणि जुनी आहे. एका टोकाला बसचे आगार, दुसऱ्या टोकाला दवाखाना, आणि मधला सारा भार माझ्यावर. जन्मभर लोकांनी मला तुडवले, त्याची तक्रार नाही. ते माझे कामच. पण बचतीच्या नावाखाली माझ्या डोळ्यांदेखत जे झाले, त्याची मला शिसारी आली आहे. तेच आज ऐकवणार आहे.

माझी घडण नीट झाली. काँक्रीट उन्हाने फुगते, थंडीने आखडते; म्हणून मला एकसंध न ओतता शेजारी शेजारी लाद्या ओतल्या आणि मध्ये बारीक फटी ठेवल्या. लाद्यांना जोडणाऱ्या प्रत्येक पोलादी गजाच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकची नळी चढवली, म्हणजे गज आत सरकेल, पण भार सोडणार नाही. फटींत काळे लुकण भरले, म्हणजे पाणी शिरणार नाही. मग अंगावर ओले गोणपाट पांघरले. ताजे काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होते. मुकादम काठी घेऊन राखणीला बसला. कुत्र्याचीही माझ्यावर पाऊल टाकण्याची छाती झाली नाही.

पुढे मी मनापासून राबले. रुग्णवाहिकेचा चालक म्हणे, "या सडकेवर आलो की सलाइनची बाटलीसुद्धा डुलत नाही." असे शब्द मी जपून ठेवले आहेत, कारण ते फार थोडे मिळाले.

मग लोकांना माझी सवय झाली, आणि सवय झालेल्या वस्तूकडे कोणी पाहत नाही. आगारातले काळे तेल माझ्यावर ओघळले. नळवाल्यांनी मला खणले आणि खड्डा नुसत्या मातीने बुजवून निघून गेले. फटींतले लुकण उडाले, ते पुन्हा भरण्याचे कोणाला सुचले नाही.

रहदारी वाढली, तशी मला रुंद करण्यासाठी माझ्या कडेने एक नवी पट्टी आली. मी तिला सून मानले. तिला आणणाऱ्या कंत्राटदाराला सारे गाव मामा म्हणे. हसतमुख माणूस, जिभेवर साखर. मुकादमाने नळ्या मागितल्या, तर म्हणाला, "गज वरून दिसतो का? मग त्याला नटवायचं कशाला?" लुकण मागितले, तर म्हणाला, "पाणी काय फटी शोधत हिंडतं?" आणि गोणपाट? पोरीचे अंग अजून ओले होते, तोच तिचे पांघरूण ओढून गाडीत भरले. "दुसऱ्या कामावर लागतंय. बचत शिका जरा."

त्या बचतीचे रूप सांगते, नाक मुरडू नका. सुनेच्या अंगाचा भुगा सुटला. दवाखान्याच्या खिडक्यांवर पांढरी पूड बसे आणि आतले खोकणारे आणखी खोकत. फटींतून पाणी खाली गेले, तळची माती सैल झाली. बसचे चाक पडले की फटीतून चिखलाची घाणेरडी चिळकांडी उडे. ती माझ्याही अंगावर येई. मला सुनेची किळस वाटे. आज कळते, किळस तिची यायला नको होती.

शेवटी ठरले, दोघींना फोडून नवी सडक करायची. काम पुन्हा मामाकडेच, पण मंजूर रक्कम अपुरी. नकाशावर सही व्हायची होती त्याच्या सख्ख्या भाचीची. ती अभियंता, मामाच्याच कचेरीत नोकरीला. एके दिवशी दोघे माझ्यावर उभे राहून बोलत होते.

"जाडी कमी करू, गज कमी करू, पाणी मारणं कमी करू," मामा म्हणाला. "झालं, बसलं पैशात."

"मामा, तुम्ही कमी करताय ते सगळं काम करणारं आहे. काम न करणारं काहीच काढलं नाहीत."

"म्हणजे काय गं?"

"ही म्हातारी फोडायची कशाला? फोडणं, ढिगारा वाहून नेणं, खाली पुन्हा खडी दाबणं, हा सगळा खर्च फुकटचा. हिची डागडुजी करू आणि नवी हिच्या पाठीवर घालू. हिचा आधार आहे म्हणून नवी पातळ चालेल. थोड्या सिमेंटऐवजी वीजकेंद्राची राख वापरू, ती स्वस्त आणि तीही घट्ट धरते. गजाला मात्र हात लावायचा नाही."

"आणि माझी फोडायची यंत्रं काय पूजेला लावू? शिवाय सडक उंच झाली की दवाखान्याचं दार बुडेल."

"दारापुढे उतार काढलाय मी. गटाराची झाकणंही तेवढीच उंच करायची आहेत. नकाशा उघडून तरी बघा."

"आईसारखीच हट्टी आहेस. मुकाट सही कर, नाहीतर दुसरी नोकरी शोध."

"शोधीन. पण सही माझी आहे. आधी दोघींचं आतलं बघू."

पोकळ गिरमिटाचे यंत्र आणून त्यांनी दोघींच्या अंगातून एकेक गोल तुकडा काढला. माझा तुकडा घणासारखा निघाला. त्यावर टिचकी मारली तर खणखणला. सुनेचा मामाने उचलला आणि त्याच्या मुठीतच त्याचा चुरा झाला. तो चिकट, करडा भुगा त्याने विजारीला पुसला. पुन्हा पुसला. तरी बोटांच्या बेचक्यांत राहिलाच.

"यंत्र खराब असेल," तो पुटपुटला.

"मग तेच यंत्र म्हातारीला कसं चाललं?" भाचीने विचारले.

 मामा स्वतःच्या तळव्याकडे पाहत म्हणाला, "कर तुझ्या मनासारखं. उतार मात्र नीट काढ, तुझी आजी त्याच दवाखान्यात जाते."

अशी मी वाचले. सुनेला मात्र फोडले. मित्रांनो, मला वाटले होते मी सुखावेन. पण तिचे तुकडे गाडीत पडताना मला एवढेच दिसले की तिला तहानलेले ठेवले होते. मग तिची जागा पायापासून पक्की भरली, माझ्या भेगा बुजवल्या, मला घासून धुतले आणि नवी सडक आमच्यावर अंथरली. दुसऱ्याच दिवशी मामाने सवयीने तिच्या अंगावरचे गोणपाट उचलले. भाची नुसती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. त्याने गोणपाट खाली ठेवले आणि स्वतः पाण्याची नळी धरली.

आता मला आकाश दिसत नाही. माझ्यासारख्या मानी बाईला अंधारात राहणे जड जाते. तरी वरची भार टाकते तो मी मुकाट घेते, कारण ती नीट वाढवलेली आहे.

खर्च कमी करा, अवश्य करा. उधळपट्टीचाही मला तितकाच तिटकारा आहे. पण एखादी गोष्ट काढून टाकण्याआधी ती काय काम करते ते विचारा, आणि उत्तर कळेपर्यंत तिला हात लावू नका. आणि कुठे ताज्या सडकेवर ओले गोणपाट दिसले, तर तिच्यावरून पळू नका. लांबून जा. ती पाणी पीत असते.