सियाचा कोरा रकाना

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यातील दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, इंग्लंडमधील ब्रॅकनेलबाहेरच्या एका भाड्याच्या मैदानावर, सतीशराव देवस्थळी यांच्या हातातील पेन्सिल कागदापासून दोन बोटांवर थांबली.

समोर बेसबॉलचा सामना चालू होता. सातवा आणि अखेरचा डाव. अनुप वानखडे याने आरंभापासून प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला स्वतःच्या कर्तृत्वावर बेस गाठू दिला नव्हता. अशा सामन्याला 'नो-हिटर' म्हणतात आणि तो पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, आयुष्यात एकदा आला तरी पुष्कळ. दोन बळी उरले असताना चेंडू जमिनीलगत, सरळ आणि संथपणे दुसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या सियाकडे गेला, तिच्या ग्लव्हमध्ये शिरला आणि बाहेर पडला. तो पुन्हा तिच्या हाती येईपर्यंत फलंदाज पहिल्या बेसवर पोहोचला होता.

फलंदाजाने बेस कमावला की क्षेत्ररक्षकाने तो गमावला, हे या खेळात पंच ठरवीत नाही. गुणलेखक एकटा ठरवतो. कमावला असेल तर 'हिट', गमावला असेल तर 'एरर'. एरर लिहिली असती तर अनुपचा नो-हिटर शाबूत राहिला असता, आणि सियाच्या नावापुढील चुकांचा रकाना, जो एप्रिलपासून तेरा सामने कोरा होता, त्यात एक आकडा पडला असता.

सिया सतीशरावांची मुलगी. त्यांनी 'हिट' लिहिले.

एप्रिलमध्ये ते या मैदानावर आले, तेव्हा बेसबॉल म्हणजे क्रिकेटचे अडाणी भावंड, असे त्यांचे मत होते. सियाची गाडी गॅरेजमध्ये पडलेली, म्हणून तिला स्टॅनमोरहून सोडायला आले आणि घडीची खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या रविवारपर्यंत त्यांनी नियमांचे पुस्तक लाल रेघांनी भरून टाकले होते. पाचव्या रविवारी जुन्या गुणलेखकाने वादांना कंटाळून वही त्यांच्याच हाती दिली. विमानाच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात एकतीस वर्षे घालवलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान सुचणे कठीण होते.

जूनमध्ये पाहुण्या संघातील एका खेळाडूची आई त्यांच्याकडे आली. चेंडू खड्ड्यावरून उसळला, तेवढी एरर काढा, असे तिने आर्जवाने म्हटले. सतीशरावांनी तिला नियम मोठ्याने वाचून दाखवला आणि वर सुनावले, की वहीला नातीगोती नसतात. परतीच्या वाटेवर हे वाक्य त्यांनी सियाला दोनदा ऐकवले, आणि घरी सुचेताबाईंना तिसऱ्यांदा.

सामना संपला. अनुप आणि सियाच्या ब्रॅकनेल संघाने तो जिंकला. घामाने भिजलेला अनुप खुर्चीजवळ येऊन वहीवर वाकला.

"काय काका, हिट देऊन टाकला का?"

"चेंडूला वेग होता," सतीशराव म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तर एरर समजून राहिलो होतो. जाऊ द्या. तुम्ही लिहिलं म्हणजे झालं, तुम्ही आपले हायकोर्ट." तो हसला. "बाबांना फोन लावणार होतो नागपूरला. त्यांनी जन्मात बॅट धरली नाही, पण नो-हिटर म्हणजे काय ते पाठ आहे त्यांना."

अनुप कॉलेजात असल्यापासून पिचर. व्हिसाची मुदत संपत आलेली. ऑक्टोबरच्या आत त्याला परतायचे होते.

निर्णय बदलायचा असल्यास गुणलेखकाने दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत लीगला मेल करावा, असा नियम होता. तो सतीशरावांइतका कोणालाच पाठ नव्हता. सोमवारी सकाळी त्यांनी मेल लिहिला. मग खात्री करून घ्यावी म्हणून सबंध मोसमाची वही उघडली. हे त्यांनी करायला नको होते. मे महिन्यात रेडिंगविरुद्ध सियाच्या हातून निसटलेला एक चेंडू, जुलैमध्ये आणखी एक. दोन्ही ठिकाणी त्यांच्याच रेखीव अक्षरात 'हिट' होते. दुसऱ्या कोणाच्या हातून ते चेंडू सुटले असते, तर तिथे काय लिहिले गेले असते, याविषयी त्यांना शंका उरली नाही. एक दुरुस्ती मागावी, तर तीन मागाव्या लागणार. तपासनीसाच्या कारकिर्दीत त्यांनी असे किती सुटे भाग कचऱ्यात टाकले होते!

"अहो, कुणाला लिहिताय एवढं?" सुचेताबाईंनी विचारले. "दुसऱ्यांदा चहा गार झाला."

"कुणाला नाही."

बारा वाजले. मेल तसाच राहिला.

पुढच्या रविवारी मोसमाअखेरचे जेवण होते. मैदानाच्या कडेला शेगडीवर मका आणि सॉसेज भाजले जात होते. अनुपचे विमान गुरुवारी होते. सतीशराव वही घेऊन त्याच्यासमोर बसले आणि बराच वेळ हवेविषयी बोलले. मग म्हणाले, "अनुप, तो हिट नव्हता."

"माहीत आहे ना काका. ग्लव्हमध्ये गेलेला चेंडू मला दिसत नाही का?"

"मग बोलला का नाहीस?"

अनुप मक्याचे कणीस फिरवीत राहिला. "जूनमध्ये त्या बाईंना तुम्ही जे सांगितलं, ते मी बाजूला उभा राहून ऐकलं होतं. तेच परत तुम्हाला ऐकवायचं म्हणजे... कसं म्हणावं मोठ्या माणसाला?"

"मी लीगला लिहितो. आजच."

"बंद झाली नोंद. आता राहू द्या. तो सॉस सरकवा इकडे."

सतीशरावांनी सॉस सरकवला. मागे सिया उभी होती. तिच्या हातात कागदी थाळ्या होत्या. तिने त्या टेबलावर ठेवल्या.

"बाबा, तो माझा चूक होता," ती म्हणाली. "आय ड्रॉप्ड इट. आणि मेमधला पण. मला वाटलं तुला खरंच तसं दिसलं."

एरवी 'ती माझी चूक होती' असे त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतले असते. या वेळी त्यांनी ते तसेच जाऊ दिले.

"मी सगळ्यांना सांगायची, माय डॅड डझन्ट डू फेव्हर्स. शून्य एरर, आणि तेपण बाबाच्या बुकमध्ये! एकदम प्राउड होते मी."

"सिया, मी..."

"नको ना."

तिने त्यांच्या मांडीवरून वही उचलली, पुठ्ठ्यावर पडलेला सॉसचा थेंब अंगठ्याने पुसला आणि वही काखेत घेतली. सतीशरावांच्या खिशातली पेन्सिल खिशातच राहिली. ती तिने मागितली नाही.

"नेक्स्ट सीझनला ये," ती म्हणाली. "खुर्ची आण, चहा आण. पण बुक तू नाही लिहायचं."