घोट्यावरची फुली

"सिस्टर, ती तुमचीच नाडी असेल," डॉक्टर माझ्या खांद्यावरून म्हणाले.

मी हात काढला नाही. माझी दोन बोटं मीटर रीडरच्या उजव्या पायाच्या आतल्या घोट्यामागे टेकलेली होती आणि त्यांच्याखाली काहीतरी होतं. मुंगीने पाय आपटावा इतकंच, पण होतं. सव्वीस वर्षं या कॅथलॅबच्या, म्हणजे बंद रक्तवाहिन्या उघडायच्या खोलीच्या, बाहेर मी पायांवरच्या नाड्या शोधतेय, तरी असं काही लागलं की मी अजून पुन्हा पुन्हा तपासते.

मीटर रीडर टेबलवर पडल्यापडल्या आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत जिने चढला-उतरला, आणि आता त्याच पायाचा अंगठा दोन महिन्यांपासून काळा पडत चालला होता. साखर होती, सिगारेटी होत्या, आणि दुखणं अंगावर काढायची सवय होती. स्कॅनचा रिपोर्ट म्हणत होता की गुडघ्याखाली रक्तवाहिनी दिसतच नाही. उद्या सकाळच्या ऑपरेशनच्या यादीत त्याचा पाय होता, गुडघ्याखालून कापायचा.

आज डॉक्टरांनी शेवटचं बघायला म्हणून बोलावलं होतं. पण किडन्या नाजूक. रक्तवाहिनीत सोडायचं औषध, ज्याने ती पडद्यावर काळी दिसते, ते उगाच द्यायचं म्हणजे पायासोबत किडन्याही घालवायच्या. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. रस्ता मोकळा करायचा तर पलीकडे गाव असायला हवं. पाऊल कुठेतरी जिवंत असेल तरच आत घ्यायचं. आणि वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राच्या सकाळच्या कागदावर लिहिलं होतं, 'आवाज नाही.'

"साहेब, रीडिंग शून्य आलं का?" मीटर रीडरने विचारलं.

"अहो, गप्प पडा ना जरा," त्याची बायको पायाशी उभी होती, ती म्हणाली. "त्यांना बघू तरी द्या."

डॉक्टरांचं ते 'तुमचीच नाडी' मला झोंबलं होतं, आणि त्याला कारण आहे. बोट जरा जोरात दाबलं की आपल्याच बोटाचे ठोके आपल्याला जाणवतात आणि ते पेशंटचे वाटतात. आमच्या कामात ही चूक प्रत्येकजण एकदा तरी करतो. मी केली तेव्हा पाय माझ्या वडिलांचा होता.

दोन दिवस पाऊल गार लागतंय म्हणत होते. मी ड्यूटीला निघाले होते. उभ्याउभ्या वाकले, दोन बोटं टेकवली, म्हटलं, "नाडी लागतेय बाबा, काही नाही." झालं. जो येईल त्याला ते सांगत बसले, "माझ्या लेकीने तपासलंय." पाचव्या दिवशी पाय मांडीतून काढावा लागला. त्यानंतरही पाहुण्यांपुढे माझं कौतुक चालूच होतं. एकदा रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा एक हात पावलावर असला की दुसरा पेशंटच्या मनगटावर असतो. दोन्हीकडे ठोका एकाच वेळी पडला तर तो त्याचा. नव्या मुली हसतात. हसू देत.

तर मी डावा हात मीटर रीडरच्या मनगटावर नेला आणि डोळे मिटले. त्याचं हृदय सरळ चालणारं नव्हतंच. चार-पाच ठोके टाकायचं, मग एक चुकवायचं, मग दोन घाईघाईने उरकायचं. माझं आपलं भिंतीवरच्या घड्याळासारखं. मनगटावर तीन ठोके पडले, चौथा पडला, आणि मग रिकामं. घोट्यामागचंही थांबलं. मनगटावर दोन घाईचे आले, घोट्यामागेही दोन घाईचे आले.

मला ओरडावंसं वाटलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

"डॉक्टर, ही माझी नाही," मी म्हटलं. "माझी अडखळत नाही."

मी खिशातलं पेन काढलं आणि त्या जागी फुली मारली. नेहमीच्या जागेपेक्षा दोन बोटं मागे. सकाळी ज्याने डॉप्लर लावला त्याने पुस्तकातल्या जागी लावला होता, त्याचीही चूक नव्हती. मी फुलीवर जेल टाकून डॉप्लरची कांडी टेकवली. आधी नुसती खरखर. कांडी केसभर कलती केली आणि आवाज आला. शू, शू, शू. बारीक, दमलेला. वरती मॉनिटर टुक-टुक करत होता. मॉनिटर चुकला, शू चुकला. मॉनिटर घाईत आला, शू घाईत आला.

डॉक्टरांनी एकदा मॉनिटरकडे बघितलं, एकदा फुलीकडे.

"घ्या आत," ते म्हणाले, आणि हात धुवायला जवळजवळ पळत गेले.

मी यू-पिन वाकवून फुलीवर चिकटपट्टीने लावली. शाई क्ष-किरणांत दिसत नाही, लोखंड दिसतं. टेक्निशियन म्हणाला, "आली सिस्टरची यू-पिन." मी त्याला शिशाचा एप्रन फेकून मारला, म्हणजे घालायला दिला.

आत मांडीतून नळी गेली. औषध मोजूनमापून, नेहमीच्या निम्मं. पडद्यावर मांडीतली वाहिनी काळी, जाड, झोकात खाली आली आणि गुडघ्याखाली कापल्यासारखी संपली. पुढे नुसती हाडं, आणि तळाला माझी यू-पिन एकटी.

दोन सेकंद, तीन सेकंद. डॉक्टरांचा पाय क्ष-किरणांच्या पेडलवरून उठू लागला.

"पाय काढू नका," मी म्हटलं. "आडवाटेने येतंय ते, उशीर लागेल."

पाच. सहा. टेक्निशियन पुढे वाकला. सात. घोट्याच्या वर धुरासारखं काहीतरी जमलं. त्यातून एक रेघ निघाली, केसासारखी, वाकडीतिकडी, आणि खाली उतरत बरोब्बर यू-पिनच्या पोटातून गेली.



"आहे की हो गाव," डॉक्टर हळूच म्हणाले.

पुढची चाळीस मिनिटं तारेची होती. बारीक तार बंद वाहिनीत शिरायची, अडायची, मागे यायची, पुन्हा शिरायची. डॉक्टरांच्या कपाळावर घाम, तो मी पुसत होते. मीटर रीडर जागाच होता, फक्त मांडी बधिर केलेली. "आमच्याकडे असं झालं की आधी फ्यूज बघतात," तो म्हणाला. कोणीच हसलं नाही, तेव्हा स्वतःच हसला. मग तार एकदम सुटली आणि सरसर खाली पिनपर्यंत गेली. मागून फुगा गेला, वाहिनी आतून दाबून मोकळी करणारा. एकदा फुगवला, दोनदा, तीनदा.

शेवटचं औषध सोडलं आणि काळी रेघ गुडघ्यावरून न थांबता धावत सुटली, पिन ओलांडून तळव्यात, तळव्यातून बोटांकडे. मी त्या जड एप्रनमध्ये उड्या मारत होते. वय विसरून, सगळ्यांदेखत.

"सिस्टर, गरम लागतंय," मीटर रीडर म्हणाला. "पाऊल गरम लागतंय हो."  डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याचे हात मोकळे नव्हते, तेही मीच पुसलं.

बाहेर डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला इतकी खात्री कशी होती?"

"एकदा चुकले होते."

"कोणाचा पाय?"

"घरचाच."

त्यांनी उद्याच्या यादीतली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

आठव्या दिवशी तो घरी निघाला. अंगठा गेला होता, पाऊल राहिलं होतं. मी त्याच्या बायकोला खुर्ची दिली आणि म्हटलं, "रोज सकाळी इथली नाडी बघायची. न लागली तर तसंच इकडे यायचं." फुली पुसट झाली होती, मी ती पेनाने पुन्हा गडद केली. बाईंनी जीव मुठीत धरून बोटं टेकवली.

"लागली," त्या लगेच म्हणाल्या. "लागतेय की."

"थांबा. ती तुमची असेल. दुसरा हात त्यांच्या मनगटावर ठेवा."

त्यांनी ठेवला. मीटर रीडर कधी नव्हे तो गप्प बसला. बाई बराच वेळ डोळे मिटून होत्या.

"अडखळते," त्या म्हणाल्या. "इकडेही अडखळते आणि तिकडेही."

"मग ती यांचीच."

त्या दिवशी बाबांच्या पायाशी वाकले होते तेव्हाही माझा दुसरा हात मोकळाच होता.

बाईंनी हात काढले नाहीत. मी अर्धा पडदा ओढला, पेन खिशाला लावलं आणि पुढच्या पेशंटचा मोजा काढायला गेले.