विहिरीत बोलायचं नाही

जव्हारचं संस्थान विलीन झालं, राज्य बदललं. सूर्यमाळच्या पाड्यांवरचा एक नियम मात्र बदलला नाही. खोल विहिरीत उतरलेल्या माणसानं तोंड उघडायचं नाही. पाण्यातल्या देवता, आसरा, ऐकतात आणि बोलणाऱ्याचा कान धरतात.

बुधानं आपल्या मुलाला, लक्ष्याला हेच शिकवलं होतं. लक्ष्या खाडीवरच्या पुलाच्या कामाला लागला. तिथं पाया खणायला लोखंडी विहिरीत उतरायचं. पाणी शिरू नये म्हणून तिच्यात हवा दाबून भरलेली. लक्ष्या दात आवळून उतरायचा. गेल्या वर्षी डावा कान ठणकला, तेव्हा बुधानं त्यात बिब्ब्याचं गरम तेल ओतलं. कान कायमचा गेला, आणि दोष लागला आसरांना!

यंदा होळीला लक्ष्या घरी निघाला. वर आल्यावर सांधे धरू नयेत म्हणून कामावर नळीनं प्राणवायू दिला होता, त्यामुळे तो निर्धास्त. ट्रकमध्ये वाटभर झोपला. मोखाड्याला जाग आली ती उजव्या कानाच्या ठणक्यानं. जवळजवळ ऐकूच येईना.

घरी बुधानं पुन्हा तेल तापवायला ठेवलं. लक्ष्याची बायको सोमी आडवी आली.

"एक कान दिला, बाबा. दुसरा नाय देणार."

ती नवऱ्याला मोखाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. बुधा कुरकुरत मागून आला.

"पडदा आत ओढलाय, फाटलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पडद्यामागं लहानशी पोकळी असते. तिच्यात प्राणवायू भरला की झोपेत शरीर तो शोषून घेतं, आणि पडदा आत खेचला जातो. पोकळीची वाट घशात आहे. गिळलं, जांभई दिली की ती उघडते."

"मंग ती हवा औषध नाय?" बुधानं विचारलं, आणि विहिरीतला नियमही सांगितला.

"सांध्यांना आहे, कानाला नाही. तुम्ही खाली तोंड मिटायला शिकवलंत, ती वाट बंद राहिली, तिथंच डाव्या कानाचा घात झाला. आज तेल पडलं असतं, तर हाही कान गेला असता."

लक्ष्या घोट घोट पाणी गिळत राहिला. अखेर कानात टक् झालं.

"लक्ष्या," डावीकडून बुधानं हाक मारली. लक्ष्या वळला नाही. बुधानं पुन्हा हाक मारली, आणि मग आपल्याच हाताकडे बघत राहिला.

होळीनंतर लक्ष्याबरोबर शेजारचा मंगळूही कामाला निघाला. काम खाडीतल्या त्याच लोखंडी विहिरीतलं. बुधा ट्रकपर्यंत पोचवायला आला. "खाली बोला, गिळा. दुखला तर वर या. सर्दी असली तर उतरूच नका."

बंधुभगिनींनो, दुखण्याला आसरांचं नाव देऊन आपण किती कान आपल्याच हातानं घालवले असतील! दुखलं की आधी विचारावं, मग हात लावावा.

बुधा वाटभर मुलाच्या उजव्या बाजूनं चालत राहिला.