डोणीत पाणी घालू नये

मित्रांनो, मी नारायण पेठेतली एक जुनी दगडी डोणी. डोणी म्हणजे जनावरांना पाणी पिण्यासाठी कोरलेली लांबट कुंडी. हे आधीच सांगितलेले बरे. कारण रविवारी माझ्यापुढे उभे राहणारे लोक मला हत्तीची न्हाणी, दारूगोळ्याची पेटी, काय वाटेल ते म्हणून जातात.

पाथरवटाने मला एका काळ्या दगडातून कोरले ते टांग्याच्या घोड्यांसाठी. पलीकडच्या कॉलेजात शिकायला येणारी मुले ट्रंका, वळकट्या घेऊन इथेच उतरत. ती वसतिगृहाचा पत्ता विचारत फिरू लागली, की घोडे माझ्यात तोंड घालत. त्यांच्या माना घासून माझी कड गुळगुळीत झाली. टांगेवाले म्हणत, "ही डोणी आहे म्हणून घोडा परत स्टेशनपर्यंत पोचतो." पुढे रिक्षा आल्या आणि माझी कचराकुंडी झाली. तरी समोरच्या नीरजाताई मला साफ करून नळीने भरत. कुत्री, चिमण्या, एखादी चुकार गाय, कुणी ना कुणी येई.

मग माझ्यावर प्रेम करणारे आले आणि माझे खरे हाल सुरू झाले.

निवृत्त प्राध्यापक गोपाळकृष्ण सरांनी माझ्याभोवती साखळी लावली. वर पाटी : 'ऐतिहासिक वारसा. डोणीत पाणी घालू नये.'

"अहो सर, मग डोणीत घालायचं काय? भाषण?" नीरजाताईंनी गॅलरीतून विचारले.

"पाण्यानं दगड झिजतो. आपण यात पडू नये."

"मी कशाला पडू? कोरडी आहे, लागेल मला."

शेवटी सरांनी ठरवले, की माझ्यात सिमेंट भरायचे आणि त्यात माझ्याच माहितीचा फलक उभा करायचा. माझे पोट बुजवून माझी माहिती! काय बोलावे?

परवाच्या रविवारी आनंद गवंडी सिमेंटचा माल कालवत होता. सर कॉलेजच्या मुलांना माझा इतिहास सांगत होते. ऊन मी म्हणत होते. तेवढ्यात मंगल कार्यालयापाशी वरात पोचवून घोडीवाला रतन आपली घोडी घेऊन आला. घोडीने साखळीवरून मान घातली आणि ती माझा कोरडा तळ चाटू लागली.

"अहो, घोडी हटवा! वारसा आहे तो!" सर ओरडले.

"वारसा असू द्या हो, पानी कुठंय?" रतन म्हणाला. "सकाळपासनं नाचतीय ती."

त्या मुलांमधल्या श्रद्धा नावाच्या मुलीने आपली बाटली माझ्यात रिकामी केली. मग बाकीच्यांनी केली. वरून नीरजाताईंची नळी आली. किती वर्षांनी माझ्या पाण्यात घोड्याचे नाक बुडाले!

"आनंद, तिचं पिऊन झालं की लगेच माल टाक," सर म्हणाले.

आनंदने घमेले खाली ठेवले. "पाण्यात नाही टाकणार, सर. जनावर पितंय तिथं हात उठत नाही माझा."

"ठीक आहे," सर फणकारले. "कोरडी झाली की टाकू."

मित्रांनो, म्हणून सांगते. मला साखळी नको, हार नको, माझ्याबरोबर फोटोही नको. बाटलीत उरलेले पाणी तुम्ही जाता-येता रस्त्यावर ओतता, ते माझ्यात ओता. ऊन कडक आहे, मी लवकर आटते. मला कोरडी होऊ देऊ नका.