चौथा कोपरा

“आई, चारच दिवस. चार दिवस तू कशालाही हात लावायचा नाहीस,” अन्वी ओसाकाहून बजावत होती. इकडे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गच्या हॉटेलात, दोनशे चौदा नंबरच्या खोलीत, लतिका कानात इअरफोन खुपसून रजाईला खोळ चढवत होती.

“बरं,” ती म्हणाली. खोळीचे दोन कोपरे चिमटीत धरून तिने रजाई झटकली आणि ती बिनतक्रार आत गेली. सोळा वर्षांत एवढं तरी यायलाच हवं.

“आणि अश्लेषाकाकूंना मी सांगितलंय की तू गेस्ट रिलेशन्स मॅनेजर आहेस. आल्झो, म्हणजे अगदी खोटं नाहीये ते. तू गेस्टसाठीच काम करतेस ना?”

लतिकाचा हात उशीवर थांबला. खरं म्हणजे तिला राग यायला हवा होता. आला नाही, कारण या खोटेपणाचं बी तिचंच होतं. नवरा, शिरीष, गेला तेव्हा अन्वी दहा वर्षांची होती. पुण्याची वनस्पतिशास्त्राची एमएस्सी इथे कुणी विचारात घेईना आणि मुलीची शाळा मध्येच तोडून परत जायचं लतिकाच्या जिवावर आलं. मिळालं ते काम तिने घेतलं. पुण्याला फोनवर सांगितलं, “हॉटेलात लागलेय.” नातेवाइकांनी पुढे विचारलं नाही, तिने पुढे सांगितलं नाही. आता लेकीने त्या अर्धवट वाक्याला हुद्दा चिकटवून दिला होता, एवढंच. तरी तिला लागलं. आपलं काम लपवायचं तर आपण लपवावं, लेकीने का लपवावं, असं काहीसं तिला वाटलं आणि उशी तिने गरजेपेक्षा जास्त जोरात थोपटली.

अश्लेषाताई म्हणजे अन्वीच्या होणाऱ्या सासूबाई. पुण्याच्या, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या, आणि सध्या जर्मनीतच वाल्डॉर्फला मुलाकडे, क्षितिजकडे, तीन महिन्यांसाठी आलेल्या. अन्वी आणि क्षितिज तिथल्या एकाच सॉफ्टवेअर कंपनीत होते. अन्वीला कामासाठी महिनाभर ओसाकाला पाठवलं होतं आणि सततच्या प्रवासांतून साठलेल्या पॉइंट्सवर तिथल्या बड्या हॉटेलात एक जादा खोली चार रात्री फुकट मिळत होती. दोघी आयांनी यावं, एका खोलीत राहावं, लग्नाआधी गट्टी जमेल, ही कल्पना क्षितिजची. स्वतः त्याने रजा नाही म्हणून अंग काढून घेतलं.

ओसाकातली खोली सत्ताविसाव्या मजल्यावर होती. भिंतभर काच, खाली नदी आणि नदीवर पुलांमागून पूल. अश्लेषाताई काचेपाशी जाऊन खूश झाल्या. लतिकाने मात्र आत शिरताच दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. मग तिने नळाच्या बुडाशी पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, टीव्हीच्या मागची वायर पाहिली. सगळीकडे काम चोख. तिला आनंद झाला आणि त्याच वेळी हुरहूरही लागली, कारण आता या खोलीत तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

“तुमची नजर पडली म्हणजे झालं,” अश्लेषाताई कौतुकाने म्हणाल्या. “मॅनेजर लोकांचं असंच असतं.”

लतिका हसली. हे हसू पुढचे चार दिवस पुरवायचं होतं.

पहाटे साडेचारला तिला जाग आली. घरी असती तर दीड तासात कामावर निघाली असती. इथे काय करायचं? खुर्चीत बसली, उठली, किटली पुसली, परत बसली. अश्लेषाताई आंघोळीला गेल्या तशी मात्र तिला राहवेना. आपली गादी तिने आवरली. चादर ताणून, कोपरा त्रिकोणात दुमडून गादीखाली, वर हातही फिरवायला नको इतकी सपाट. मग म्हटलं, एक आवरली आणि दुसरी विस्कटलेली, बरं दिसत नाही. अश्लेषाताईंचीही केली. नंतर न्हाणीघरात जाऊन बेसिन कोरडं केलं, वापरलेल्या टॉवेलांच्या घड्या घातल्या. कुणीतरी बाई येणार, तिच्या पाठीला तेवढाच आराम, हा त्यामागचा हिशेब. अन्वीला कळायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघी किल्ला पाहून दमून आल्या. अश्लेषाताई पलंगावर आडव्या झाल्या आणि दुसऱ्या क्षणाला उठून बसल्या. मानेखाली घ्यायला उलटलेल्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग होता. त्यांनी नाक लावून पाहिलं. नारायण तेल. मान धरते म्हणून त्या रोज चोळत. डाग पहिल्या रात्रीचा होता, कारण काल तर त्यांनी तेल लावलंच नव्हतं.

“लतिकाताई, म्हणजे दोन दिवस चादरी बदललेल्याच नाहीत,” त्या म्हणाल्या. “एवढं मोठं हॉटेल आणि वरवर आवरून जातात.”

 काय झालं असणार ते लतिकाला लगेच कळलं. इथे दोघी-दोघी मिळून खोल्या करत, हे तिने जाता-येता पाहिलं होतं. एकीने आत येऊन तयार गादी पाहिली, तिला वाटलं जोडीदारणीने केली. दुसरीलाही तसंच वाटलं. पाहुण्याने इतकी घट्ट गादी केली असेल असं त्या धंद्यातल्या कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही. ती काही बोलणार तोवर अश्लेषाताईंनी फोन उचललाही होता. तीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकलेल्या बाईला तक्रार कशी करावी हे शिकवायला नको होतं.

पाच मिनिटांत काळ्या सुटातला मॅनेजर आला आणि त्याच्या मागे एक बुटकी, पन्नाशीची बाई. दोघं कमरेतून वाकले. मॅनेजर इंग्रजीत माफी मागत होता. ही बाई एकोणीस वर्षं इथे आहे, असं कधी घडलं नाही, पण चूक ती चूक. उद्यापासून या मजल्यावर दुसरी कुणी असेल, तुम्हाला त्रास होणार नाही. बाई वाकलेलीच होती. तिचे हात पुढे जुळलेले होते आणि लतिकाला फक्त तेच दिसत होते. बोटांच्या पेरांवर भेगा, नखं मुळापर्यंत कापलेली, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी. लतिकाच्याही उजव्याच अंगठ्याला चीर पडायची, चादर खोचताना गादीची कड लागून.

आठ वर्षांपूर्वी बाड हॉम्बुर्गला एका पाहुणीची अंगठी हरवली होती. लतिका अशीच खोल्यांच्या मुख्य बाईसमोर, हाउसडामेसमोर उभी होती. अंगठी पुढे त्या पाहुणीच्याच कोटाच्या खिशात सापडली, पण ते सांगायला कुणी आलं नाही. कुणीतरी यायला हवं होतं, हे लतिका आजपर्यंत विसरली नव्हती.

तोंड उघडलं तर काय जाईल हे तिला ठाऊक होतं. लेकीचा शब्द जाईल. कदाचित ठरलेलं लग्नही जाईल. तिने एकदा अश्लेषाताईंकडे पाहिलं आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मॅनेजरला म्हणाली, “यांची चूक नाही. दोन्ही गाद्या मी केल्या. दोन्ही दिवस.”

मॅनेजर नम्रपणे हसला. मॅडम फार दयाळू आहेत, असं काहीतरी म्हणाला. त्याला ते खरं वाटलं नव्हतं.

“मी हेच काम करते,” लतिका म्हणाली. “जर्मनीत. सोळा वर्षं खोल्या आवरते.”

बोलून भागणार नाही हे दिसल्यावर ती पुढे झाली. पलंगाचा एक कोपरा तिने सोडवला, चादर खाली लोंबू दिली आणि पुन्हा केला. उचल, दुमड, खोच, ताण. दहा सेकंदसुद्धा लागले नसतील. आता ती बाई वर पाहू लागली. पुढे येऊन तिने त्या कोपऱ्यावर एक बोट ठेवलं, जरा दाबून पाहिलं आणि मॅनेजरला जपानीत दोन शब्द बोलली. मॅनेजरचा चेहरा बदलला. तो पुन्हा वाकला. बाई मात्र या वेळी वाकली नाही. तिने लतिकाच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि आपला चिकटपट्टीचा अंगठा जरासा वर केला.

दार लागलं.  अश्लेषाताई काचेपाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या.

“म्हणजे मॅनेजर नाही.”

“नाही.”

“मग तसं सांगितलं कुणी?”

“मीच,” लतिका म्हणाली. “अन्वीला मीच तसं सांगायला लावलं. तिचा काही दोष नाही.”

अश्लेषाताई वळल्या. “तीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्यात, लतिकाताई. ही सही तुमची नाही.” मग पलंगाच्या कडेवर बसत म्हणाल्या, “कामाचं मला काही नाही. पण घरात येणारी मुलगी स्वतःच्या आईबद्दल असं बोलू शकते, तर उद्या माझ्याबद्दल काय बोलेल? मला विचार करू द्या.”

 असं कुणी म्हणेल हे लतिकाच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

संध्याकाळी अन्वी ऑफिसातून आली, तिला लॉबीतच सगळं सांगावं लागलं. ती पांढरी पडली. चिडली की ती जर्मनवर जायची. “मामा, वारूम?” एवढंच तिने दोनदा विचारलं. आई, का म्हणून?

“ती बाई माझ्या जागी उभी होती,” लतिका म्हणाली. “आणि अन्वी, तुला माझी लाज वाटते का गं? वाटत असली तर वाटू दे, पण मला सांग.”

 अन्वी मान खाली घालून मराठीत म्हणाली, “शाळेत असताना वाटायची. आता तू कुणापुढे कमी दिसशील, याची भीती वाटते.” ती तशीच लिफ्टकडे गेली आणि अश्लेषाताईंच्या समोर पाऊण तास दार लावून बसली. आत काय झालं ते दोघींपैकी कुणी लतिकाला सांगितलं नाही. अन्वीचे डोळे सुजलेले होते, एवढं मात्र तिला दिसलं.

निघायच्या दिवशी पहाटे लतिकाला पुन्हा साडेचारला जाग आली. या वेळी तिने ठरवलं होतं, हात लावायचा नाही. हात मांड्यांखाली दाबून ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चादरीला पायथ्याशी एक सुरकुती होती. ती तिला दिसत होती. पाय हलत होता, श्वास धड येत नव्हता.

“करा हो ती गादी,” शेजारच्या पलंगावरून आवाज आला. “तुमच्याकडे बघून मलाच धाप लागायला लागलीय.”

लतिकाने गादी केली. अश्लेषाताई कुशीवर वळून, चष्मा लावून पाहत राहिल्या. जाताना लिफ्टपाशी ती बाई ट्रॉली ढकलत होती, त्याच मजल्यावर. लतिकाच्या छातीवरचा एक दगड उतरला. दुसरा तिथेच होता.

जर्मनीत परत आल्यावर दहा दिवस वाल्डॉर्फहून काही कळलं नाही. क्षितिजला विचारायचं अन्वीला धाडस होईना आणि लतिकाला तर कुणालाच. कामावर तिच्या हातून एक कप फुटला, एका खोलीत ती साबण ठेवायला विसरली. अकराव्या दिवशी क्षितिजचा फोन आला. आईचं विमान फ्रँकफुर्टहून आहे, बाड हॉम्बुर्ग जवळ पडतं, ती आदल्या रात्री तुमच्याकडे राहिली तर चालेल का? लतिकाने हो म्हटलं आणि फोन ठेवल्याबरोबर पलंगाची चादर बदलायला घेतली. नकार सांगायला माणूस समोर येतं, हेही तिला माहीत होतं.

अश्लेषाताई आल्या, पिठलं-भात जेवल्या, भात छान झालाय म्हणाल्या आणि मान चोळून लतिकाच्या पलंगावर झोपी गेल्या. लग्नाचा विषय निघाला नाही. लतिका बाहेर सोफ्यावर पडली. सकाळी पावणेसहाला तिने युनिफॉर्म चढवला. क्षितिज अकराला येऊन आईला नेणार होता. तिने खोलीचं दार जरासं उघडून पाहिलं. अश्लेषाताई गाढ झोपेत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या. त्या दिवशी लतिकाने चौदा खोल्या केल्या. प्रत्येक खोलीत तिला वाटलं, रजा काढायला हवी होती.

अडीचला ती घरी आली. घर रिकामं होतं. चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. आतल्या खोलीत पलंग आवरलेला होता, वर लतिकाची सोलापुरी चादर. चादर तिरपी होती. उजवीकडचे दोन्ही कोपरे फुगून बाहेर आले होते, डावीकडचा पायथ्याचा नुसताच आत कोंबलेला. चौथा मात्र बरोबर होता. त्रिकोण सरळ, कड ताणलेली. त्या जागी कापड चुरगळलेलं होतं. तो कोपरा कितीतरी वेळा करून, सोडवून, पुन्हा केलेला होता.

उशीवर चिठ्ठी होती. बँकेतलं टपोरं अक्षर, खाली पूर्ण सही आणि तारीख.

“तीन जमले नाहीत. ते डिसेंबरात, मी लग्नाला आले की शिकवा. मी पुण्यात सगळ्यांना तुमचं काम सांगणार आहे, तुमची हरकत नसेल तर. हरकत असेल तर बारा तासांत फोन करा, पण तोवर मी विमानात असेन, लागणार नाही.”

लतिकाचा हात सवयीने त्या फुगलेल्या कोपऱ्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. चादर धुवायला काढायची होती. उशीला नारायण तेलाचा वास होता, अभ्राही बदलायचा होता. तिने त्यातलं काही केलं नाही. खुर्ची ओढून ती पलंगासमोर बसली, युनिफॉर्ममध्येच, पायात कामाचे बूट, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर गप्प पडून राहिले.