उंबऱ्यात तुटणारा फोन

पुस्तकं बांधणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन नेमका एकाच जागी तुटायचा. पुढच्या खोलीतून मागच्या कामाच्या खोलीत पाऊल टाकताना, उंबऱ्यात.

त्याची लेक जहाजावर इंजिनं सांभाळायची. जहाज बंदराला लागलं की तिला वीस मिनिटं मोकळी मिळायची, आणि ती वीस मिनिटं ती बापाच्या हातातल्या फोनमधून घरभर हिंडायची. "बाबा, खिडकी दाखवा. फडताळाचं दार अजून लोंबतंय?" तो फोन पुढे धरून चाले, पाहुणीला घर दाखवावं तसा. शेवटी ती हळूच म्हणायची, "आता आईची खोली." त्याचा पाय उंबऱ्यावर पडतो न पडतो, तोच तिचा चेहरा जागच्या जागी थिजे आणि पडदा काळा होई. पुन्हा फोन लागला की दोघं हवापाण्याचं बोलत.

त्या खोलीत बायकोनं चाळीस वर्षं पुस्तकांच्या पानांच्या जुड्या शिवल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा लेक भर समुद्रात होती. म्हाताऱ्यानं मनाशी धरलं होतं, पोरीला रिकामी खुर्ची बघवत नाही, उसनं अवसान आणते आणि ऐनवेळी फोन ठेवते. विचारून तिच्या काळजाला घरं कशाला पाडायची? हल्ली तो फोन घेऊन तिकडे फिरकतच नसे.

त्या सकाळी नेटचा डबा बदलायला कंपनीची एक मुलगी आली. खांद्याला पिशवी, तोंडाला विसावा नाही.

"काका, घरात कुठे कॉल तुटतो का?"

"तुटत नाही," म्हातारा म्हणाला. "समोरचं माणूस ठेवतं."

"कुठे ठेवतं?"

त्यानं हनुवटीनं उंबरा दाखवला. मुलीनं आपल्या फोनवरून त्याला व्हिडिओ कॉल लावला, त्याचा फोन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "चला आत." उंबऱ्यात तिचा चेहरा थिजला. पडदा काळा.

"मी ठेवला का?" पुढच्या खोलीतून ती म्हणाली. "हा बघा माझा हात. बोटसुद्धा लावलं नाही."

म्हातारा मटकन स्टुलावर बसला.

"डब्यातून दोन लहरी निघतात," ती सांगू लागली. "एक वेगवान, पण भिंत आली की तिचा दम जातो. दुसरी सावकाश, भिंतीपलीकडेही पोचते. तुमचा फोन हावरट आहे. वेगवान लहर तुटेपर्यंत तिलाच चिकटून राहतो, मग दुसरी शोधायला आठ-दहा सेकंद घेतो. तेवढ्यात कॉल गेलेला असतो."

"म्हणजे नुसत्या गोंदाची बांधणी. दिसायला झटपट, उघडलं की पानं हातात."

"तसंच. फोनला फक्त सावकाश लहर देऊ? तुटणार नाही. पण चित्र धूसर दिसेल हं."

म्हातारा घुटमळला. लेकीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचा तेलाचा डाग, एवढंच तर त्याच्या वाट्याला उरलं होतं. तिचा आवाज लबाड, नेहमी "मजेत" म्हणायचा. खरं काय ते चेहऱ्यावरूनच कळे.

"दे सावकाश," तो अखेर म्हणाला.

दुपारी लेकीचा फोन आला. चेहरा ओल्या कागदावरच्या शाईसारखा पसरलेला.

"बाबा, तुम्ही नीट दिसत नाही."

"तूही नाहीस. चल, मागे जाऊ."

"नको. राहू दे. तुम्हाला त्रास होतो. दर वेळी दारात फोन ठेवता ना तुम्ही."

"मी?" त्याला हसू आलं. "वेडे, मी समजत होतो तूच ठेवतेस."

तो चालू लागला. उंबरा ओलांडला. पडदा काळा झाला नाही.

"आलो का आपण?" तिनं विचारलं. "मला नुसतं करडं दिसतंय. सांगा ना काय काय आहे."

"खुर्ची आहे. पाठीला तिची शाल. शिवायच्या चौकटीवर पाच दोरे ताणलेले. एक पुस्तक अर्धं शिवलंय, सातव्या जुडीपर्यंत. सुई आठवीत टोचलेली आहे."

लेक रडली. दोन वर्षांत त्यानं तिला रडताना ऐकलं नव्हतं. तो ते सगळं ऐकत राहिला. दिसत काहीच नव्हतं, आणि तिचे डोळे कोण पुसतंय या विचारानं त्याची बोटं फोनच्या काचेवर उगाच फिरत होती.

"बाबा, आहात ना?"

"आहे."

"दोन मिनिटं उरली. बोलू नका काही. तिच्या खुर्चीत बसा."

इतक्या दिवसांत त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. त्यानं शाल बाजूला न करताच पाठ टेकली, आणि फोन मांडीवर धरला.