स्वर्गीय प्रभावतीबाईंची जवसाची चटणी

“आई, जरा सरक. तुह्या फोटोले हार घालून राह्यलो.”

प्रभावतीबाई सरकल्या. कपिलनं वडिलांच्या फोटोवरचा चंदनी हार काढला, आईच्या फोटोला घातला आणि मोबाइलवर टिपला.

“बाबाचा काहून काढला रे?”

“नवा आनला असता. पन जुनाच खरा वाटते.”

यवतमाळच्या उद्योजक शिबिरात कपिलला सांगितलं होतं, की ब्रँडला संस्थापकाचं दुःख लागतं. त्यानं घरात दुःख शोधलं. वडील वारले होते खरे, पण त्यांना चटणी आवडत नसे. त्यांचा उपयोग नव्हता. उरली आई. घाटंजीच्या आठवडी बाजारात तिनं जन्मभर जवसाची चटणी विकलेली. अडचण एकच, ती जिवंत होती.

पाकिटावर छापून आलं, ‘आईच्या पवित्र स्मृतीस.’ खप धडाधड वाढला. प्रभावतीबाईंचा बाजार मात्र बंद झाला.

“तू बाजारात दिसली तं मी खोटा पडतो, आई.”

“मंग घरात बसून काय करू?”

“चटणी.”

त्या भाजत राहिल्या. बाजारात त्यांना नावानं हाक मारणारी माणसं होती. घरात ते नाव आता फक्त पाकिटावर होतं.

एका बाजाराच्या दिवशी बाजारातल्या दुकानावर बसणारी सून निकिता तापानं फणफणली, आणि कपिलला नागपूरला ‘आईविना उद्योजक’ या विषयावर बोलायचं होतं.

“तूच बस दुकानावर,” जाताना तो म्हणाला. “कोनी इचारलं तं बहीण हावो म्हन.”

पूर्वीची दर बाजारची गिऱ्हाईक लालीबाई बऱ्याच महिन्यांनी आली. तिनं पाकिटावरचा फोटो पाहिला, समोरचं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. छापलेलं खोटं कसं असेल?

“बहीण का वो तिची? तोंडवळा सेम हाये.”

प्रभावतीबाईंनी मान हलवली.

“मले कोनी सांगतलंच नाही. नाही तं मातीले आली असती.” लालीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि नेहमीसारखी तळहातावर चटणी घेऊन चाखली. “चांगली हाये. पन तिचा हात नाही तुले.”

सकाळच्या भाजणीनं प्रभावतीबाईंची बोटं अजून पोळत होती.

“हाव,” त्या म्हणाल्या. “लय राबली बिचारी.”

पाकीट देताना त्यांनी सवयीनं कागदात वरची, फुकटची चिमूट बांधायला घेतली. लालीबाईनं त्यांचा हात धरला.

“राहू दे वो. ते ती द्यायची.”

चिमूट पुन्हा डब्यात गेली.